मदत हवी आहे : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी जठराच्या बायोप्सीत दोष आढळला

नमस्कार. आम्ही अमळनेरचे. माझ्या मोठ्या बहिणीची वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा बराचसा भाग काढून उरलेल्याची नळी करणे) ठरली होती. त्याआधीच्या एंडोस्कोपीत जठर वरून ठीक दिसले, तरी तुकडा तपासणीला पाठवला आणि अहवालात जुनी सूज, हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू आणि 'इंटेस्टायनल मेटाप्लेसिया', म्हणजे जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखे अस्तर, असे तीन उल्लेख आले. घरच्यांनी लगेच शेवभाजीच्या तर्रीवर खापर फोडले, पण ताईला कधी साधी जळजळही झालेली नाही.

हा जंतू कर्करोगकारक म्हणून 1994 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, त्यामुळे धास्ती आहे. चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स नुकताच संपला. जंतू गेला का, हे पाहण्याची श्वासाची चाचणी कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी, आणि आम्लाच्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवून करायची असते. ती जळगाव किंवा धुळ्यात होते का, की नाशिकच गाठावे लागेल?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. वजन कमी करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत, म्हणजे बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात), जठराचा मोठा भाग आतच राहतो आणि नेहमीच्या एंडोस्कोपीने तो दिसत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा बराचसा भाग काढून टाकतात आणि उरलेल्या नळीवर दुर्बिणीने लक्ष ठेवता येते. असा अहवाल आल्यावर कोणाच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा प्रकार बदलला किंवा ती पुढे ढकलली का? ज्यांच्या घरी हे घडले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.