लिंटरमधलं 'वॉर्न' ठेवायचं की सरळ हद्दपार करायचं?

सेमीकोलनराव
मंडळी, एक जुना रिअ‍ॅक्ट प्रोजेक्ट ईएसलिंट (जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका दाखवणारा लिंटर) ८ वरून ९ वर न्यायला घेतलाय. ९ आलं एप्रिल २०२४ मध्ये, तेव्हापासून फ्लॅट कॉन्फिग (सेटिंग लिहायची नवी पद्धत) डिफॉल्ट आहे, म्हणजे कॉन्फिग तसंही नव्याने लिहायचंय. माझं म्हणणं, 'वॉर्न' (नुसता पिवळा इशारा) हा प्रकारच काढून टाका, नियम एकतर एरर (लाल, काम अडवणारा) नाहीतर ऑफ. आत्ता लिंट चालवलं की पिवळ्या ओळींचा नुसता पूर येतो, कोणी ढुंकून बघत नाही आणि सीआय (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) मात्र हिरवंच. मग ती वॉर्निंग आहे कशाला?

घाटावरचा_कोडर
असहमत. आधीच्या कंपनीत हेच झालं, वरून हुकूम आला सगळं एरर करा, आणि नेमकं रिलीजच्या दिवशी सीआय लाल. पोरांनी काय केलं? दिसेल त्या ओळीच्या डोक्यावर 'ईएसलिंट-डिसेबल-नेक्स्ट-लाइन' (पुढच्या ओळीला नियम लावू नको) चिकटवलं आणि घरी गेली. कोड होता तसाच, आधी निदान पिवळं दिसायचं तरी!

सेमीकोलनराव
अहो पण तो रिव्ह्यू करणाऱ्याचा दोष ना. कारण लिहिल्याशिवाय डिसेबल करता येणार नाही असा नियम देणारं प्लगइन मिळतं की.

लोणचं_आणि_लूप
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. त्या पिवळ्या पुरात स्पेस, कोट, इंडेंट किती आहे ते बघा आधी. असले फॉरमॅटिंगचे नियम खुद्द ईएसलिंटवाल्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच, ८.५३ मध्ये, डेप्रिकेट केले (मोडीत काढायला घेतले). ते प्रेटियरला (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं टूल) द्या न् विषय संपवा. त्यापेक्षा टाइपस्क्रिप्ट असेल तर 'नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस' (निकालाची वाट न बघता सोडून दिलेलं काम पकडणारा नियम) लावा. 'सेव्हऑर्डर' च्या आधीचं अवेट (काम संपेपर्यंत थांब) राहिलं की ऑर्डर फेल होते आणि गिऱ्हाइकाला स्क्रीनवर 'धन्यवाद' दिसतं, असला बग डोळ्यांनी सापडत नाही हो. टाइपची माहिती लागते म्हणून लिंट हळू होतं, होऊदे.

घाटावरचा_कोडर
हे मान्य, तो एररच हवा. पण 'एक्झॉस्टिव्ह-डेप्स' चं (इफेक्ट, म्हणजे रेंडरनंतर चालणारा कोड, ज्यांवर अवलंबून आहे ती डिपेंडन्सीची यादी पूर्ण आहे का बघणारा नियम) काय करणार? रिअ‍ॅक्ट हुक्सच्या रेकमेंडेड कॉन्फिगमध्येच 'रूल्स-ऑफ-हुक्स' एरर आहे आणि हा वॉर्न, उगाच नाही ठेवलेला. नवीन पोरगा लिंट सांगतंय म्हणून ऑब्जेक्ट डिपेंडन्सीत घालतो, ते ऑब्जेक्ट दर रेंडरला नवीन बनतं, इफेक्ट परत चालतो, तो सेटस्टेट करतो (डेटा बदलतो), परत रेंडर… ब्राउझर आचके द्यायला लागतो. तिथे थांबून विचारच करावा लागतो, लाल दिवा लावून काय होणार?

सेमीकोलनराव
लाल दिसल्याशिवाय थांबतं कोण? पिवळं बघून विचार करणारा पोरगा दाखवा, चहा माझ्याकडून.

शमा_बॅकएंड
सेमीकोलनराव, तुमच्या बाजूने एक मुद्दा. ९.२४ पासून बल्क सप्रेशन आलंय. 'सप्रेस-ऑल' देऊन एकदा चालवलं की आत्ताच्या सगळ्या चुका एका जेसॉन फाइलमध्ये जातात, कुठल्या फाइलमध्ये कुठला नियम किती वेळा मोडला एवढंच त्यात लिहिलेलं असतं. जुनं झाकलं जातं, त्या आकड्याच्या वर एक जरी नवीन चूक गेली तरी लाल. आणि गंमत म्हणजे हे फक्त एररलाच लागू, वॉर्नला नाही. म्हणजे रिलीजही अडत नाही आणि डिसेबलच्या कमेंटीही नकोत.

लोणचं_आणि_लूप
बाडिस, म्हणजे एकदम सहमत. फक्त चूक दुरुस्त केली की 'प्रून-सप्रेशन्स' (शिळ्या नोंदी काढणारी कमांड) चालवायचं विसरू नका, फाइलमध्ये शिळी नोंद राहिली तरी लिंट फेल होतं, आणि चांगलं काम करणाऱ्यालाच आधी फटका बसतो.

सेमीकोलनराव
हे झकास आहे, उद्याच करून बघतो. हुक्सचा तो नियमसुद्धा एररच ठेवणार मी, घाटावरचे काहीही म्हणोत. ती जेसॉन फाइल गिटमध्ये (सगळ्यांच्या कोडसोबत) टाकायची ना?

शमा_बॅकएंड
हो, टाकायचीच, नाहीतर सीआयला कळणार कसं.

घाटावरचा_कोडर
टाका टाका. चार ब्रँचांमधून एकदम प्रून झालं आणि त्या फाइलवर मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच फाइलमधले बदल एकमेकांवर आदळणं) आला की मग बोलू.