कॉम्पॅक्शनचा स्पीड वाढवून भागत नाही, आधी स्ट्रॅटेजी बदला

केळीपट्टा:
जळगावात आमचं काम म्हणजे केळीच्या बागांमधल्या ड्रिपचा डेटा. रावेर-यावल साइडच्या शेतांतून व्हॉल्व्हचं प्रेशर, मातीची ओल, मोटर चालू की बंद असं सगळं दिवसभर येत राहतं आणि कॅसँड्रात (अनेक सर्व्हरवर चालणारा डेटाबेस) जातं, टीटीएल म्हणजे डेटा आपोआप संपायची मुदत ९० दिवस. संध्याकाळी सगळे एकदमच ॲप उघडतात आणि नेमकं तेव्हाच रीड स्लो. मग दरवेळी तोच सल्ला, कॉम्पॅक्शन थ्रूपुट वाढव, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या फाईली एकत्र करायचा स्पीड वाढव. अरे पण टेबल साइझ टियर्ड स्ट्रॅटेजीवर, म्हणजे साइझ बघून फाईली एकत्र करायच्या पद्धतीवर आहे त्याचं काय? त्यात साधारण सारख्या साइझच्या ४ फाईली जमल्या की त्यांची एक होते, मग त्या मोठीला तिच्याएवढ्या अजून ३ मिळेपर्यंत कोणी हात लावत नाही, मुदत संपलेला डेटा आत तसाच पडून राहतो आणि डिस्क भरत जाते. टाइम विंडो स्ट्रॅटेजी लावा ना, त्यात फाईली वेळेच्या गटांनुसार वेगळ्या राहतात. ३ दिवसांची विंडो धरली तर ९० दिवसांच्या ३० विंडो होतात, मुदत संपली की अख्खी फाईलच उडते, वाचून परत लिहायची भानगडच नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, आकडे फिरवणं हे सगळ्यात शेवटचं काम.

भुसावळवाला:
नाही पटलं भो. तुम्ही क्लाउडवर असाल, आमचे सर्व्हर क्लायंटच्या गोडाऊनमध्ये आहेत, फिरत्या डिस्कवाले. लाईट गेली, इन्व्हर्टर बसला, नोड (क्लस्टरमधला एक सर्व्हर) पडला, परत आला की बाकीच्या नोडकडून हिंट्स, म्हणजे तो बंद असताना राहून गेलेले राइट येतात, त्या पण डिफॉल्टला ३ तासांच्याच ठेवलेल्या असतात, त्याच्या वर गेलं तर रिपेअर (नोडांमधला डेटा परत जुळवणं) चालवा, आणि या सगळ्यात पेंडिंग कॉम्पॅक्शनचा आकडा चढतच जातो. तेव्हा स्ट्रॅटेजी कोणती का असेना, डिस्क तर एकच आहे. थ्रूपुटचा डिफॉल्ट आधी १६ एमबी पर सेकंद होता, कॅसँड्रा ४.० पासून ६४ आहे, आमच्या डिस्कला ६४ झेपत नाही म्हणजे नाही, रीड पार झोपतात. नोडटूल कमांडने चालू नोडवर थ्रूपुट बदलता येतो, संध्याकाळी खाली आणा, मध्यरात्री वर न्या, बस. नोड रीस्टार्ट झाला की परत कॉन्फिग फाईलमधलाच आकडा लागतो तेवढं ध्यानात ठेवा.

केळीपट्टा:
दादा रात्री वाढवायला ना नाहीच. पण तेवढ्यावरच थांबतात लोकं, आणि वर दर रविवारी टेबलवर मेजर कॉम्पॅक्शन (सगळ्या फाईली एकदम एकत्र करणं) मारतात. साइझ टियर्डमध्ये त्याने एकच अवाढव्य फाईल तयार होते, ती चालताना टेबलएवढीच मोकळी जागा खाते आणि नंतर तिला जोडीदारच मिळत नाही, म्हणून पुढच्या रविवारी परत तेच मारावं लागतं. हे बंद झालंच पाहिजे.

पांझराकाठ:
धुळ्याहून. केळीपट्टा भाऊ, टाइम विंडो आमच्याकडे लावून बघितली आहे, म्हणून बोलतो. शेतात रेंज नसते, डिव्हाइस डेटा धरून ठेवतं आणि रेंज आली की दोन-तीन दिवसांचं एकदम ओततं. आमच्या इन्सर्टमध्ये युझिंग टाइमस्टॅम्प (राइटची वेळ आपणच द्यायची सोय) लावून सेन्सरची जुनी वेळ जाते. झालं, आजच्या फाईलीत परवाच्या टाइमस्टॅम्पच्या रो येऊन बसल्या. आता परवाची फाईल एक्स्पायर झाली तरी कॅसँड्रा ती सोडत नाही, कारण त्याच पार्टिशनचा (एका कीखालच्या रोंचा गट) तिच्याएवढा जुना डेटा दुसऱ्या जिवंत फाईलीत असू शकतो, आणि ही काढली तर तो परत वर येईल. एक फाईल अडली की तिच्यामागे रांग लागते. एसएसटेबल-एक्स्पायर्ड-ब्लॉकर्स टूल चालवा, कोणती फाईल कोणाला अडवते ते सगळं दिसेल.

केळीपट्टा:
हा मुद्दा एकदम बरोबर, पण यात स्ट्रॅटेजीचा काय दोष? युझिंग टाइमस्टॅम्प काढून टाका. सेन्सरची वेळ क्लस्टरिंग कॉलममध्ये (पार्टिशनमधल्या रोंचा क्रम ठरवणारा कॉलम) आहेच ना, मग राइटची वेळ कॅसँड्राला ठरवू द्या. उशिरा आलेला डेटा आजच्या विंडोत बसेल आणि टीटीएल तसाही लिहिल्यापासूनच मोजला जातो.

पांझराकाठ:
तेवढं सोपं नाही. ऑफिसमधून चुकीचं रीडिंग दुरुस्त करतात, नंतर डिव्हाइस रेंजमध्ये येऊन तेच जुनं रीडिंग परत पाठवतं. टाइमस्टॅम्प काढला तर शेवटी आलेलं जिंकणार, म्हणजे दुरुस्ती गेली. त्या प्रेशरवर खताचा डोस ठरतो भाऊ, शेतकऱ्याचं नुकसान होतं.

शहाद्याची_पोर:
दुरुस्तीचं टेबल वेगळं करा ना, ते लेव्हल्ड स्ट्रॅटेजीवर ठेवा, त्यात फाईली लेव्हलांमध्ये रचल्या जातात. छोटं टेबल, वारंवार बदलणारं, वाचायचं जास्त, लेव्हल्ड त्यासाठीच आहे. १६० एमबीच्या फाईली, पुढची लेव्हल आधीच्या लेव्हलच्या १० पट, बहुतेक रीड एकाच फाईलीत भागतात. राइट वाढतात पण एवढ्याशा टेबलला काय त्याचं. सगळ्या टेबलांना एकच स्ट्रॅटेजी हा हट्ट मला कळतच नाही. आणि युनिफाइड या नव्या कॉम्पॅक्शन स्ट्रॅटेजीसाठी कॅसँड्रा ५.० वर जा असं कोणी सांगायच्या आत सांगते, अडलेल्या फाईली तिकडेही अडतात.

भुसावळवाला:
ताई, दोन टेबल म्हणजे ॲपमध्ये दोन क्वेरी आणि वर त्यांचा मेळ घालायचा. ते होईल तेव्हा होईल. आज संध्याकाळी स्क्रीन फिरत राहिली तर फोन मलाच येणार.

केळीपट्टा:
मग थ्रूपुट १६ वर आणा आजच्यासाठी, आणि उद्या ब्लॉकर्सचं आउटपुट इथं टाका. पंचवीस-तीस फाईली अडलेल्या दिसल्या तर टेबल वेगळं करायचं काम आधी घ्या, क्वेरी लिहायला मी बसतो तुमच्यासोबत.

भुसावळवाला:
टाकतो. पण थ्रॉटल (थ्रूपुटवरची मर्यादा) मी काढणार नाही, एसएसडी येईपर्यंत तर नाहीच.