मळ्यावर राखणीला रॉटवायलर चालेल का? घरात लहान मुलगी आहे

मळेकर_दिंडोरी: नमस्कार मंडळी. आमचं घर द्राक्षाच्या मळ्यातच आहे, वस्ती लांब. मागच्या महिन्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली, तेव्हापासून वडिलांनी कुत्रं आणायचा धोशा लावलाय. मला रॉटवायलर आवडतो, मित्र म्हणतो डॉबरमॅन घे. घरात ४ वर्षांची मुलगी, आईवडील सत्तरीचे, मी दिवसभर कंपनीत. आधी कधी कुत्रं पाळलं नाहीये. छाटणीला, काढणीला मजूर सारखे येतजात असतात. काय घ्यावं?

शेफर्डप्रेमी: मजूर हाच खरा प्रश्न आहे तुमचा. रॉटवायलर म्हणजे मुळात जर्मनीत खाटकांची गुरं हाकणारं, गाडी ओढणारं कुत्रं, घरच्यांवर जीव टाकतं पण नर सहज ५० किलोचा होतो, आईंच्या हातात पट्टा असताना त्याने टोळीकडे झेप घेतली तर त्या आवरणार कशा? शिवाय उगाच भुंकत बसत नाही तो, गप उभा राहून बघतो, आणि नवख्या माणसाला ते बघणं वाचता येत नाही. डॉबरमॅन तर मळ्यावर नकोच. त्याला सतत माणूस लागतं, एकटा ठेवला की बिघडतो, अंगावर आतली लव नाही, तुमच्या निफाड-दिंडोरीच्या थंडीत बाहेर कुडकुडत बसेल बिचारा.

रॉटीची_आई: जातीला कशाला नावं ठेवता, आमच्या रॉटीच्या अंगावर पोरं लोळतात! पण हो, मेहनत आहे. पिल्लू ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, आणल्यावर पहिले दोनतीन महिने त्याला ट्रॅक्टर, मजूर, पोरं, पाहुणे सगळं रोज दाखवावं लागतं, ते वय गेलं की मग ट्रेनरला पैसे मोजा. तुम्ही दिवसभर घरी नसाल तर हे कोण करणार ते आधी ठरवा. आणि २०२४ ला केंद्राने २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं त्यात रॉटवायलर होता, ते पुढे कर्नाटक हायकोर्टाने रद्द केलं, पण शेजारीपाजारी अजून तेच पत्र दाखवतात.

लातूरचा_पाव्हणा: आमच्याकडचा कारवान सुचवला असता, परक्याला अंगाला हात लावू देत नाही, पण ते धावणारं शिकारी कुत्रं, ससा दिसला की राखण गेली खड्ड्यात 😄 सरळ दोन गावठी पिल्लं आणा, एक नर एक मादी, वेळेत ऑपरेशन करून घ्या, रेबीजची लस दरवर्षी. एक ओट्यावर झोपतं, दुसरं विहिरीकडे. रात्री बांधावर पाऊल वाजलं की दोघं मिळून असा गोंधळ घालतात की झोपलेला माणूस उठतोच, चोराला चावायची गरजच काय? फक्त दिवसभर साखळीला बांधू नका, बांधलेलं कुत्रं चावरं होतं.

मळेकर_दिंडोरी: गावठीचं वडिलांना पटेल, मुलीलाही आवडतील. पण मोकळी सोडली तर बागेत फिरतील ना?

शेफर्डप्रेमी: अरे हां, हे राहिलंच! द्राक्षं कुत्र्याला विषारी, किडन्या निकामी होऊ शकतात, बेदाणेसुद्धा. काढणीच्या दिवसांत खाली पडलेले मणी वेचून घ्या नाहीतर बागेला जाळी मारा. खाल्ले असं दिसलं तर उलट्या व्हायची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. फवारणीच्या दिवशी तर आतच ठेवा त्यांना.

मळेकर_दिंडोरी: बाप रे, हे माहीतच नव्हतं. घराभोवती जाळी मारायचं बघतो आधी, मग पिल्लं.