शब्दचर्चा : 'स्पाउज'ला मराठीत काय म्हणायचं?

मंजिरी_ट : समलिंगी विवाहाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालावर एक पुस्तिका मराठीत करतेय. विशेष विवाह कायद्यातल्या 'पती-पत्नी'ऐवजी 'स्पाउज' असं वाचावं, ही याचिकाकर्त्यांची मागणी. मी 'जोडीदार' लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडून 'सहचर' केलं. म्हणे, जोडीदार कॅरमला असतो! काय ठेवू?

शुद्धमती : सरांचं बरोबर आहे. 'दार' हा फारसी प्रत्यय.

कोरा_चहा : 'कायदा' अरबी आहे, तोही खोडा मग. आणि 'सहचर' पुल्लिंगी. दोघी मुली असतील तर 'सहचरी' करणार? म्हणजे पुन्हा तिथंच आलो.

वेंगुर्लेकर : आमची मावशी काकांबद्दल बोलताना 'माझं माणूस' म्हणायची. ते माणूस, नपुंसकलिंगी! बाई-बुवा दोघांना चालतं. 'आमचं कुटुंब' पण तसंच, फक्त ते बायकोलाच चिकटलं.

शुद्धमती : कायद्यात 'माझं माणूस'? 'विवाह' म्हणजे वि + वह्, वधूला वाहून नेणं. धातूतच वधू आहे.

कोरा_चहा : धातूत फक्त वाहणं आहे हो, वधू तुम्ही बसवलीत. घरजावयाला कोण वाहून नेतं?

वकीलकाका : नुसता शब्द बदलून भागत नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये पुरुषाचं वय २१, स्त्रीचं १८. सुप्रिया सुळेंच्या २०२२ च्या खासगी विधेयकात दोघे पुरुष असतील तर २१, दोघी स्त्रिया असतील तर १८ असा तोडगा होता. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. फाटलं ते नात्याला विवाहाबाहेर कायदेशीर मान्यता देण्यावर, ३ विरुद्ध २. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल मान्यता देण्याच्या बाजूने, म्हणजे अल्पमतात.

मंजिरी_ट : काका, हे पुस्तिकेत आहे सगळं. शब्द सांगा ना.

वकीलकाका : 'वैवाहिक जोडीदार' लिही. पण वर 'समलिंगी' लिहिलंस ते छान. 'समलैंगिक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त बिछाना येतो.

शुद्धमती : 'लिंग' म्हटल्यावर काय येतं मग?

वेंगुर्लेकर : व्याकरण! निदान सातवीच्या वर्गात तरी. बाकी 'व्याही' शब्दाला धक्का नाही, दोन्हीकडचे बाप व्याहीच.

कोरा_चहा : विहिणींचं काय पण? दोघीही मुलाच्या आया. पंगतीला मान घ्यायला दोघी बसणार, वाढणार कोण?