बोटीचं छत: चिकटवून टाकायचं की उघडता येईल असं करायचं?

रंकाळाकाठ:
मी आणि मेव्हण्यानं मिळून घेतलेली २२ फुटी फायबरची केबिन बोट आहे. एरवी मालवणला असते, सध्या ट्रेलरवर घालून फोंडा घाटानं वर आणलीय आणि कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात ओळखीच्या शेडमध्ये उभी आहे. (हसणाऱ्यांनी आत्ताच हसून घ्या. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेला माणूस बोटीला हसत नाही म्हणा.)

केबिनच्या टपाला आतून फोमवालं रेक्झिन चिकटवलेलं होतं. फोमचं पार पीठ झालंय. हात लावला की पिवळी भुकटी पडते आणि रेक्झिन पोटासारखं लोंबतंय. ते ओढून काढलं तर वर घरातली सिंगल तारेची वायर, पिळून टेप मारलेले जॉइंट, आणि एक वायर कुठून आली नि कुठं गेली याचा पत्ताच नाही.

कुशनवाला म्हणतो, साफ करून नवं रेक्झिन चिकटवतो, विषय संपला. मेव्हणा त्याच्या बाजूनं. माझं म्हणणं उलटं आहे: आधी वायरिंग कुठून न्यायचं ते ठरवू, मग त्या हिशेबानं टपाला पट्ट्या मारू आणि त्यावर रेक्झिन चढवलेले प्लायचे तुकडे स्क्रूनं बसवू. म्हणजे उद्या काही बिघडलं तर एक तुकडा उतरवला की काम झालं. मधल्या पोकळीत उन्हासाठी थर्माकोल घालावा असाही विचार आहे. बोला.

उद्यमनगरी:
भावा, २२ फुटी बोट आहे, राजवाडा नव्हे. पट्टी २० मिमी, प्लाय ४, वर रेक्झिनचा फोम. इंचभर उंची गेली. त्या केबिनमध्ये आधीच वाकून बसावं लागत असणार. परत लाटेवर प्रत्येक तुकडा खडखडणार आणि दोन पावसाळ्यांत स्क्रूभोवती गंजाचे डाग.

चिकटवून टाक. वायरी लपवायचा हट्टच कशाला? कडेनं टोपण निघणारी केसिंग-पट्टी मार, सगळ्या वायरी त्यात. टोपण काढलं की वायर समोर. छताला हात लावायचा प्रश्नच येत नाही.

देवगड_बंदर:
केसिंगची कल्पना वाईट नाही, पण तुम्ही दोघंही फक्त वायरीचं बोलताय. टपाच्या आतून वायरीपेक्षा महत्त्वाचं काय असतं? नट. वर दोर बांधायचं क्लीट, रेलिंगचे पाय, हॅचची (टपावरच्या झडपेची) चौकट, अँटेनाचा स्टँड, या सगळ्यांचे बोल्ट खाली छताच्या मागे येतात. त्यांचं सिलंट, म्हणजे फटीत भरलेला मसाला, कधीतरी सुटतंच. आणि पाणी जिथं शिरतं तिथं टपकत नाही. आतल्या आत उतार धरून पुढं जातं, डाग भलतीकडंच दिसतो. चिकटवलेल्या रेक्झिनच्या मागं हे चाललं असेल तर फोम स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि तुम्हाला कळतं तेव्हा टपाच्या फायबरच्या आत घातलेलं प्लाय कुजलेलं असतं.

आत्ता छत उघडं आहे तर आधी पाण्याचा पाईप लावा. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक वर. खालच्या फिटिंगपासून सुरू करून वर सरकायचं, एका जागी चांगला वेळ पाणी सोडायचं. एकदम सगळीकडं मारलं तर नेमकं कुठून आलं ते कळत नाही. जिथं गळेल तो बोल्ट काढून नवं सिलंट. वायर त्यानंतर. छत सगळ्यात शेवटी.

बारा_व्होल्ट:
थर्माकोल आणि पीव्हीसी वायर एकमेकांना टेकू देऊ नका. वायरच्या आवरणातला मऊपणा आणणारा घटक थर्माकोलमध्ये झिरपतो. वायर कडक होऊन तडकते, थर्माकोल विरघळल्यासारखा वायरीला चिकटतो. उन्हासाठी बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) रबर फोम घ्या, आणि वायर तरीही पाईपमधूनच.

घरची सिंगल तार पूर्ण काढून टाका. इंजिनाच्या थरथरीनं ती आतल्या आत तुटते. बारीक तारांची, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत काळं पडतं आणि तो काळेपणा आवरणाच्या आत बराच लांब सरकतो.

जाडीचा हिशेब जाऊन-येऊन लांबीवर करायचा. जाऊन-येऊन १० मीटर आणि १० अँपिअर असेल तर २.५ चौरस मिमीच्या वायरीत पाऊण व्होल्ट खर्ची पडतो, म्हणजे १२ तले ६ टक्के. दिशादर्शक दिवे, व्हीएचएफ रेडिओ अशा गोष्टींना ३ टक्क्यांच्या आत ठेवतात. तिथं ६ चौरस मिमी लागते.

आणि अँटेनाची केबल. तिचा तयार जोडलेला कनेक्टर साधारण १९ मिमी जाडीचा असतो, २० मिमीच्या पाईपमधून जात नाही. पाईप २५ चा टाका, प्रत्येक पाईपमध्ये एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, आणि नवी वायर ओढताना तिच्याबरोबर पुढच्या वेळेची दोरीही ओढा. छताच्या आत जॉइंट एकही नको. द्यायचाच तर जिथं हात पोचेल तिथं.

उद्यमनगरी:
१० अँपिअर टपात कोण नेतंय राव? सहा एलईडी, तीन-तीन वॅटचे. १८ वॅट म्हणजे दीड अँपिअर. तुझ्याच हिशेबानं २.५ मध्ये ०.११ व्होल्ट. एक टक्कासुद्धा नाही. पंप नि इंजिनाच्या वायरी तर खालून जातात. एवढ्याशा दिव्यांसाठी छताचं दुकान मांडायचं?

बारा_व्होल्ट:
आकडा बरोबर आहे, दिव्यांपुरतं मान्य. पण दिवा जातो तो वायर बारीक म्हणून नाही, थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीत) पाणी गेलं म्हणून. टोकं नीट दाबून वर गोंदवाली स्लीव्ह तापवून बसवली तरी कधीतरी एखादं टोक बघावं लागतंच, आणि दिव्याचं भोक सोडलं तर चिकटवलेल्या छतात हात घालायला दुसरी जागा नाही. तुझ्या केसिंगनं वायर दिसेल, पण देवगडवाल्यांचे नट दिसणार नाहीत.

गादी_कुशन:
आमच्या घरात हाच धंदा आहे, म्हणून कुशनवाल्याच्या बाजूनं आणि विरुद्ध दोन्ही बोलतो.

चिकटवण्यात वेळ जात नाही, साफ करण्यात जातो. जुना गोंद आणि फोमचं पीठ पूर्ण खरवडलं नाही तर नवं रेक्झिन टपाला चिकटत नाही, त्या पिठाला चिकटतं आणि पहिल्या उन्हाळ्यात खाली येतं. ड्रिलला वायर-ब्रश लावून घासा, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. फायबरची धूळ आठवडाभर अंगाला खाजवते. गोंदही साधा नको, उष्णता सोसणारा घ्या. मारताना शेडची दारं सताड उघडी आणि जवळ हॅलोजन किंवा ठिणगी उडवणारं काही नको. त्याची वाफ पेट घेते.

प्लायचे तुकडे आम्हाला सोपे पडतात, कारण टेबलावर सरळ बसून रेक्झिन ओढता येतं. आधी पुठ्ठ्याचे साचे कापा, दिव्यांची भोकं रेक्झिन चढवण्याआधी पाडा, कडा मागं वळवून पिना मारा. पिना स्टेनलेसच्या. साध्या पिना रेक्झिनमधून तांबूस डाग काढतात, ते डाग पुसून जात नाहीत.

पण पुढच्या बाजूला टप दोन्हीकडून गोल होत जातं ना, तिथं प्लाय वळणार नाही. जबरदस्ती केली तर सांधे उघडे दिसतील. तेवढ्या भागात ताणलं जाणारं रेक्झिन चिकटवूनच टाका. त्या भागातून वायर नेऊ नका म्हणजे झालं.

रंकाळाकाठ:
हे पटलं. म्हणजे मधला सपाट भाग उघडणारा, पुढचा गोल भाग चिकटवलेला, पाईप दोन्ही कडांनी. पण पुढच्या क्लीटचे नट नेमके गोल भागातच येतात.

देवगड_बंदर:
तिथं रेक्झिनला भोक ठेवून वर गोल झाकण बसवा, फिरवून निघणारं. बोटीच्या सामानात मिळतं.

उद्यमनगरी:
झाकणाचं चालेल. स्क्रू मात्र खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घे, हार्डवेअरवाला ३०४ देऊन ‘स्टेनलेसच आहे की’ म्हणतो. आणि खडखडाटाचं कुणीच उत्तर दिलं नाही.

गादी_कुशन:
पट्टीवर पातळ फोमची टेप, त्यावर तुकडा दाबून स्क्रू. खडखडत नाही.

मेव्हणा_स्वतः:
मीच तो मेव्हणा. कुणीतरी लिंक पाठवली. दाजी, पैशाचं जाऊ दे, पण बंकवर मी झोपतो, तू नाही. आत्ताच उठताना डोकं टेकतं. मध्ये पट्ट्या मार, बंकच्या वर २० मिमी चालणार नाही. तिथं प्लाय सरळ टपाला लागून बसव आणि पाईप बाजूच्या भिंतीनं खाली घे. रविवारी शेडवर ये, मी आडवा होतो, तू टेप घेऊन माप घे.