बान्युवांगी: कमी खर्चात जाऊन आलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

बालीला जाऊन आलेले आपल्यात खंडीभर आहेत, पण बालीच्या पश्चिम टोकाला गिलिमानुकला उभं राहिलं की समोर जावाचा जो किनारा दिसतो तिथे उतरून चार दिवस राहिलेले फारच कमी. बहुतेक लोक रात्रीची इजेन ज्वालामुखीची टूर घेतात, बाराला गाडी येते, पहाटे वर, दुपारी परत बाली, आणि बान्युवांगी नावाचं गाव गाडीच्या काचेतून पण बघत नाहीत. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण मी आणि नवरा तिथे पाच दिवस राहिलो आणि बालीतल्या दोन दिवसांच्या खर्चात पाच दिवस आरामात निघाले. म्हणून म्हटलं ज्यांना ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, मी सुरुवात करते.

बालीहून जायला टूर लागत नाही. देनपासारहून गिलिमानुकपर्यंत बस, साडेतीन-चार तास लागतात, मग फेरी. फेरी चोवीस तास चालू असते आणि पायी जाणाऱ्याचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा साधारण दहा हजार रुपिया होतं, म्हणजे आपले पन्नास-पंचावन्न रुपये. (हिशोबाची सोपी रीत: तीन शून्यं उडवा आणि पाचाने गुणा, वर थोडं धरा.) बंदराच्या बाहेर एका माणसाने आम्हाला अडवून चौपट पैसे सांगितले होते, आपण सरळ आत चालत जायचं, खिडकीवर तिकीट मिळतं. जावाचं घड्याळ बालीच्या एक तास मागे आहे, त्यामुळे आम्ही सहाला निघालो आणि सहाच्या आसपासच पोचलो. पण परत येताना हाच तास जातो, तेव्हा बालीतून विमान असेल तर हिशोब नीट करा.

राहायला होमस्टे घ्या. डबल रूम दीड-दोन लाख रुपियात मिळाली, म्हणजे हजारच्या आसपास, त्यात सकाळचा नाश्ता आणि घरच्या काकूंची माया पण. काकूंना मी माझं नाव सांगताना कळलं की त्यांच्याकडे पण नावाला 'नामा'च म्हणतात, नवऱ्याला 'सुआमी', बायकोला 'इस्त्री', भाषेला 'बहासा'. मग आमचं अर्धं बोलणं असंच शब्द जुळवत झालं.

नाशिकहून, एकटी, ट्रेनने

ताई, तू बालीकडून लिहिलंस, मी जावाकडून लिहिते कारण मी योग्याकार्ताहून आले होते. लेंपुयांगान स्टेशनवरून श्री तांजुंग नावाची इकॉनॉमी ट्रेन सुटते, सकाळी निघून रात्री बान्युवांगीला सोडते, जवळजवळ तेरा तास. तिकीट नव्वद हजाराच्या आसपास होतं, म्हणजे पाचशेला अर्धं जावा बेट आडवं पार! सीट सरळ पाठीच्या आणि समोरासमोर आहेत, समोरच्याचे गुडघे लागतात, पाठ दुखते हे खरं, पण एसी आहे, डबा स्वच्छ आहे आणि समोर बसलेल्या आजींनी मला उकडलेल्या शेंगा दिल्या. जेम्बर गेलं की घाट लागतो, कालीबारूच्या आधी लांबलचक बोगदा, मला एकदम आपली कोकण रेल्वेच आठवली. तिकीट पासपोर्ट नंबरवर निघतं आणि गेटवर तपासतात, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

महत्त्वाचं, स्टेशनची नावं 2019 च्या शेवटी बदलली आहेत. जुनी माहिती वाचाल तर 'बान्युवांगी बारू' लिहिलेलं असेल, ते आता केतापांग, फेरी बंदराच्या अगदी जवळ, चालत जाता येतं. शहरात राहणार असाल तर 'बान्युवांगी कोटा'ला उतरा, ते आधी कारांगआसेम होतं. मी चुकीच्या स्टेशनला उतरले आणि रात्री उगाच रिक्षासारखे प्रवासी नेणाऱ्या मोटरसायकलवाल्याला पैसे द्यावे लागले. शहरात फिरायला गोजेक आणि ग्रॅब ही गाडी बोलवायची दोन्ही ॲप चालतात, दुचाकीवर मागे बसून गेलं की अगदी स्वस्त.

एकटी बाई म्हणून काही त्रास झाला नाही. पण हे बाली नाही, बीचवर सुद्धा इथल्या बायका पूर्ण कपड्यात असतात, मी कुर्ता आणि लेगिंग घालूनच फिरले. एक दिवस केमिरेन गावात जा, ओसिंग या इथल्या मूळ लोकांचं गाव, शहराच्या जवळच. तिथे घराघरात काळ्या आणि लाल रंगाच्या गाद्या असतात, लग्न झालेल्या जोडप्याला आईवडील देतात, आणि वर्षातून एकदा अख्खं गाव एकाच दिवशी त्या गाद्या उन्हात टाकतं. मी गेले तो दिवस नव्हता, पण एका घरात आत बोलावून गादी दाखवली, वर कॉफी दिली. पैसे विचारले तर घेतले नाहीत. मी माझ्याकडची चिक्की दिली.

सांगलीहून, साठीतले दोघं, शाकाहारी

आम्हाला सगळे म्हणत होते तिथे खायला मिळणार नाही. तसं काही नाही, पण विचारून खावं लागतं हे नक्की. इथली प्रसिद्ध डिश सेगो तेम्पोंग, भात, उकडलेल्या पालेभाज्या, तेम्पे, टोफू आणि वर ताजा वाटलेला सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. तेम्पोंग म्हणजे म्हणे थोबाडीत मारणं, इतका तिखट, आमच्या सौ.ना मात्र घरचा ठेचा भेटल्यासारखं झालं. अडचण अशी की सांबालात तेरासी असते, म्हणजे कोळंबीची वाटण, आणि ती आधीच मिसळलेली असते, नंतर सांगून उपयोग नाही. 'तान्पा तेरासी' असं आधी म्हणायचं. मी कागदावर लिहूनच घेतलं होतं, 'साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान', मटण-चिकन-मासे खात नाही, तो कागद प्रत्येक टपरीवर दाखवायचो. रुजाक सोतो मात्र शाकाहारी मंडळींनी सोडून द्या, भाज्या दिसतात पण वर मांसाचा रस्सा ओततात. तेम्पे सोयाबीनचं असतं, तळलेलं गरम गरम फार छान लागतं, ते आणि केळी यावर आमचे दोन दिवस गेले. दोघांचं जेवण चाळीस हजाराच्या वर कधी गेलं नाही.

इजेनला आम्ही वरपर्यंत गेलो, हळूहळू. चढ सुरू होतो त्या पालतुडिंगपासून तीन किलोमीटर आहे, पहिले दोन चांगलेच चढाचे, सिंहगड चढणाऱ्याला जमेल. आम्ही पेटत्या गंधकाची निळी ज्वाळा बघायला खाली विवरात उतरलो नाही, गंधकाचा धूर घशाला सोसत नाही. वरून तो हिरवट निळा तलाव बघितला, तीव्र आम्लधर्मी पाण्याचा तलाव आहे तो. आणि तिथले मजूर, सत्तर-सत्तर किलो गंधक खांद्यावर दोन टोपल्यात घेऊन त्या उभ्या वाटेने वर येतात. त्यांना वाट द्या हो, फोटोसाठी अडवू नका. आमच्यासमोर एका ग्रुपने एकाला तीनदा थांबवलं, मला फार राग आला.

हिंजवडीवाला, चार मित्र, भाड्याच्या स्कूटर

काकांनी लिहिलंय ते शंभर टक्के. इजेनबद्दल पैशाचं सांगतो, टूर न घेता स्कूटर घेऊन गेलात तर निम्म्याहून कमी खर्चात होतं, भाडं दिवसाला पाऊण ते एक लाख रुपिया, शहरापासून पस्तीसेक किलोमीटर. पण उतरताना सांभाळा भावांनो. बिनगिअरची गाडी त्या उतारावर सतत ब्रेकवर धरली तर ब्रेक तापतो आणि एका क्षणी लागतच नाही, आमच्यातल्या एकाचं असं झालं, नशीब बाजूला कॉफीच्या मळ्याचा चढ होता म्हणून गाडी त्यात घातली, हात खरवडला त्यावर भागलं. दर थोड्या अंतराला थांबा, ब्रेक गार होऊ द्या, नाहीतर सरळ गिअरची मोटरसायकल घ्या. आणि रात्री एक वाजता वर प्रचंड थंडी असते, समुद्रकाठी घामाघूम होतो म्हणून आम्ही जॅकेट नेलंच नव्हतं.

अजून दोन गोष्टी. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी इजेन बंद असतं. आणि 2024 पासून डॉक्टरचं आरोग्य प्रमाणपत्र मागतात, ते आदल्या दिवशी शहरातच काढून ठेवा, होमस्टेवाले सांगतात कुठे. आम्ही गेलो तेव्हा शनिवार-रविवार तिकीट महाग होतं.

सिंगापूरहून

माझा अनुभव तारखेबद्दल. 2023 ला गुढीपाडवा 22 मार्चला होता, आम्ही सुट्टी जोडून बान्युवांगीहून बालीला जायचं ठरवलं. केतापांगला गेलो तर फेरी बंद! त्याच दिवशी बालीत न्येपी होतं, त्यांचं शक वर्षाचं नववर्ष, अख्खं बेट चोवीस तास गप्प, दिवे नाही, विमान नाही, बोट नाही. आपला पाडवा आणि त्यांचं न्येपी बरेचदा एकाच दिवशी किंवा आगेमागे येतं, शक तर आपलाही तोच, त्यामुळे मार्चमध्ये जाणाऱ्या मराठी माणसाने हे आधी बघायलाच हवं. दुसऱ्या दिवशीपासून रमजान लागला आणि दिवसा टपऱ्या पण बंद, बिस्किटांवर काढलं. पण न्येपीच्या रात्री पांताई बूम म्हणून शहरातलाच किनारा आहे तिथे बसलो होतो, समोरचं बाली पूर्ण काळोखात, एक दिवा नाही, आणि वर इतके तारे. मुलगी अजून त्या रात्रीबद्दल बोलते.

डोंबिवलीहून, अजून गेलो नाही

सगळं वाचून काढलं. मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत, इजेन नको वाटतं, मग चार दिवस करायचं काय? पाण्यात जाता येईल का?

(पहिला अनुभव लिहिणारी)

दादा, मुलं घेऊन बांगस्रिंगला जा. केतापांगच्या उत्तरेला कोळ्यांचं गाव आहे, तिथले लोक पूर्वी बॉम्ब आणि विष टाकून मासे धरायचे, मग त्यांनीच ते बंद करून प्रवाळ परत लावलं, आता पाण्यात तरंगतं घर आहे, तिथून मास्क लावून उतरायचं. भाडं अगदी किरकोळ. लाईफ जॅकेट तिथेच मिळतं, लहान मुलांना पण घालून देतात. दुसरा दिवस बालुरान राष्ट्रीय उद्यान, एका तासावर, सितुबोंदोमार्गे सुराबायाकडे जाणारी बस गेटवर सोडते, पण गेटपासून आत बेकोलचं गवताळ माळरान बरंच लांब आहे, तेव्हा पोरांसोबत गाडी ठरवूनच जा. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या जुलै ते ऑक्टोबरात, माळ पिवळा होतो, हरणं आणि मोर हमखास, रानबैल नशिबात असेल तर. तिथल्याच बामा किनाऱ्यावरची माकडं हातातली पिशवी ओढून नेतात, खाऊ बॅगेत चेन लावून ठेवा, आमचा अख्खा डबा गेला. आणि शहराच्या दक्षिणेला दे जावातान म्हणून जुन्या पर्जन्यवृक्षांची राई आहे, झाडांच्या फांद्यांवर नेच्याची दाढी लटकलेली, मुलांना धावायला मोकळी जागा. एटीएममधून मोठी रक्कम एकदाच काढा, गावाबाहेर पडलात की रोखच चालते.