म्हणे टॅरिफ ही संधी!

भोसरीकर
2025 मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क लावलं, तेव्हा एका सल्लागारांची पोस्ट फिरत होती. "अमेरिकेचं 50 टक्के टॅरिफ ही पुण्याच्या टेक उद्योगांसाठी संधी आहे. युरोप गाठा, जोडणी व्हिएतनामला हलवा, चपळ व्हा." वाचून डोकं फिरलं. भोसरीत बावीस माणसांचं युनिट आहे आमचं, मशिनचे कंट्रोलर बनवतो. व्हिएतनाम सोडा, चाकणला शेड घ्यायची तरी बँकेत चपला झिजतात. युरोपला माल द्यायचा तर सीईच्या, म्हणजे तिथल्या सुरक्षा-शिक्क्याच्या चाचण्या, तो खर्च वेगळाच.

7 ऑगस्ट 2025 ला 25 टक्के लागले, 27 ला आणखी 25. त्याआधी जहाजावर चढलेल्या मालाला दुसऱ्या पंचवीसातून सूट होती. आमची पेटी न्हावा शेवा बंदरात धक्क्यावरच राहिली. स्मार्टफोन, लॅपटॉप यादीतून सुटले. आमचा 8537 चा (कंट्रोलरचा कस्टम कोड) माल अडकला. सांगा, कुठे आहे संधी?

हिंजवडीग्रस्त
ड्यूटी आयातदार भरतो. तुमच्या खिशातून गेली म्हणजे करार डीडीपीचा होता, ड्यूटी विकणाऱ्याने भरायची असा. त्यावर सही कोणी केली, ट्रम्पनी?
आमच्या सॉफ्टवेअर सेवांवर कस्टम ड्यूटी नाही. तुम्हीही क्लाउडवरचं मॉनिटरिंग, म्हणजे मशिनवर इंटरनेटवरून नजर ठेवायची सेवा वेगळी विका, वेगळं बिल करा. बोर्डाची किंमत उतरली की ड्यूटीही उतरेल.

भोसरीकर
फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलर चालवणारं सॉफ्टवेअर, बोर्डातच असतं हो, त्याची किंमत कस्टम धरतंच. आणि एसीत बसून "सेवांवर ड्यूटी नाही" म्हणणं सोपं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेनं नव्या एच-1बी व्हिसाच्या अर्जाला 1 लाख डॉलर लावले तेव्हा तुमच्या आयटी पार्कात सुतक होतं ना?

हिंजवडीग्रस्त
होतं. माझाच अर्ज जाणार होता, पुढच्या लॉटरीत. आता वाकडच्या फ्लॅटचे हप्ते भरतोय. म्हणून तुमच्या चुका मी पोटात घालायच्या का?

कोथरूडची सीए
भांडा खुशाल, पण टॅरिफ निमित्तमात्र आहे. छोट्या कंपनीचा जीव जातो उधारीत. प्राप्तिकरातलं 43 बी (एच) कलम आल्यापासून लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत दिले नाहीत आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही थकले तर गिऱ्हाइकाला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. झालं काय? माझ्या एका अशिलाला त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणालं, "लघुउद्योगाची उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे."

भोसरीकर
ताई, अगदी माझीच गोष्ट! आमचं एक गिऱ्हाईक माल घेतं सोमवारी आणि "तपासणी बाकी" म्हणून स्वीकृतीची तारीख टाकतं महिन्याने. 45 दिवस तिथून मोजायचे!

सदाशिव_पेठी
स्वीकृतीचा खेळ कायद्यात बसत नाही. माल पोचल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर पोचल्याचा दिवसच धरतात. लघुउद्योगांच्या थकबाकीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

भोसरीकर
टाकतो, आणि पुढची ऑर्डर तुम्ही द्याल?

सदाशिव_पेठी
मी निवृत्त आहे. कायदा सांगितला, धंदा तुमचा.

कोथरूडची सीए
काका, कायदा आम्हालाही येतो. गिऱ्हाईक एकच असलं की तो कपाटात राहतो.

हिंजवडीग्रस्त
मग तेच म्हणतो ना मी! अमेरिकेतही एकच गिऱ्हाईक, इथेही एकच. टॅरिफ आलं काय, उधारी आली काय, मार तोच.

भोसरीकर
बरं, डीडीपीचं कबूल. नवीन कोटेशन एफओबी टाकलंय, म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतच खर्च आमचा, ड्यूटी बदलली तर भाव बदलेल असं कलमही घातलंय. गिऱ्हाईक तयार झालं, पण मूळ भावात 12 टक्के सूट मागून. हा तुमचा शहाणपणा, त्याचं बिल मलाच.
क्लाउडवाल्या मॉनिटरिंगचं मात्र नीट समजवा. गुरुवारी फोन करा. एमआयडीसीची सुट्टी, त्यात दुरुस्तीसाठी लाइटही घालवतात, बसून असतो मी.